लॉर्डसाहेबांचं पान

सर्वपित्री अमावास्येला अण्णा बर्वे एक पान लॉर्ड विदरकोमसाठी वाढत. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या शेजारी राणी व्हिक्टोरियाच्या काळातले हे लॉर्ड. त्यांच्या भाजीत मिरची नसे. "साहेबाला सोसायची नाही. आणि निपुत्रिक गेलेत बिचारे, घास कोण देणार?" मग कार्डिफच्या त्या थंडीत, मागच्या बागेत, छत्रीने सीगल हाकलत अण्णा कावळ्याची वाट बघत. "हाड! तुझं नाही ते!"

अण्णा आणि मी तिथल्या एकाच हॉस्पिटलात डॉक्टर. हॉस्पिटलला जमीन दिली म्हणून या लॉर्डांचं तैलचित्र तिथल्या कॉरिडॉरमध्ये टांगलेलं. त्यांना मोठा मंत्री व्हायचं होतं. तीन पंतप्रधानांनी त्यांना उपमंत्रीच ठेवलं. अण्णांना कन्सल्टंट, म्हणजे तिथला सगळ्यात वरचा डॉक्टर, व्हायचं होतं. त्यांच्या हाताखाली शिकलेली गोरी पोरं कन्सल्टंट झाली आणि राउंड संपला की "वेल डन, बर्वे" म्हणत त्यांच्याच खांद्यावर थाप मारू लागली. अण्णा हसून थँक यू म्हणत. मला ते हसणं बघवत नसे.

त्या जागेसाठी तिसऱ्यांदा नाकारले गेले त्या दिवशी अण्णा त्या चित्रापुढे थांबले, आणि पुढची चौदा वर्षं लॉर्डांचं चरित्र लिहीत बसले. कशाचीही तक्रार करा, चहा गार असो की ट्रेन लेट, उत्तर एकच: "आमच्या लॉर्डांनी याहून सोसलंय."

"अण्णा, मराठीत का नाही लिहीत?" मी एकदा विचारलं.

"मग नितीन कसा वाचणार रे?"

नितीन हा त्यांचा एकुलता एक मुलगा, मिल्टन कीन्सला कॉम्प्युटरमध्ये. टाइप केलेला गठ्ठा अण्णांनी त्याला पोस्टाने पाठवला. दर रविवारी फोनवर विचारत, "वाचलंस?" तिकडून यायचं, "बिझी आहे, बाबा. नेक्स्ट वीकेंड, प्रॉमिस." एकदा मी नितीनकडे गेलो तर मॉनिटर उंच व्हावा म्हणून त्याखाली तोच गठ्ठा. दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. अण्णांना मी बोललो नाही.

अण्णा गेले. दहाव्याला त्याच बागेत पिंड ठेवला. कावळे कुंपणावर बसून राहिले, एक शिवेना. मी हात जोडले. "अण्णा, पुस्तक मी छापून घेतो." नाही. "लॉर्डांचं पान मी वाढीन." तरी नाही. नितीन घड्याळ बघत होता.

"त्यांची इच्छा राहिलीय," मी म्हणालो. "काय ते तुला ठाऊक आहे. बोल."

तो लाल झाला. जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबा, मी वाचला ते पुस्तक. सगळा वाचला. इट वॉज रिअली गुड."

कावळा उतरला आणि शिवला.

नितीनने सुटकेचा श्वास टाकला. मला मात्र त्या कावळ्याचा अजून राग येतो. आयुष्यभर अण्णांनी "वेल डन, बर्वे"वर भागवलं. जातानाही तेवढ्यावरच भागवून घेतलं.