आईला एकटं सोडण्याचे गुण

पाण्याचा आणखी एक पेला समोर आला, तेव्हा आईने डोळे गच्च मिटून घेतले. झोपेचं सोंग घेतलं की हे पाणी टळेल, अशी तिला भाबडी आशा होती.

"आई, पाणी."

आईने बारीकसं घोरूनही पाहिलं.

"तू झोपली नाहीयेस. तुझ्या पापण्या हलतायत. पी ना पटकन, मला फोटो काढायचाय."

पेला घेऊन उभी होती ती धाकटी लेक, भिंगरी. एका जागी उभं राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून हे नाव. आई उठून पाणी प्यायली, पेला हातात धरून फोटोसाठी हसली, आणि भिंगरी आनंदाने बाहेर पळाली. तिची पाठ वळते न वळते तोच दारात थोरला हजर झाला. हा घरचा वकील. दूध पिण्यापूर्वीही दोन्ही बाजू मांडणारा.

"आई, उशी सरळ करायचीय."

"अरे, आत्ताच केलीस की."

"ती मघाशी. मधल्या काळात तू पाणी प्यायलीस, म्हणजे उशीची स्थिती बदलली. मान उचल."

आईने मान उचलली. दुसरं करणार काय? तिचा उजवा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. ती एका बेकरीत केक सजवायची, आणि गेल्या आठवड्यात स्वतःच सांडलेल्या क्रीमवरून घसरून आडवी झाली होती. इतकी वर्षं लोकांच्या वाढदिवसांना जे क्रीम तिने हौसेने लावलं, त्यानेच शेवटी डाव साधला. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, "हा पाय जमिनीला टेकवायचा नाही. हाड सरकलं, तर सरळ ऑपरेशन." ते ऐकून घरातल्या तिघांचेही चेहरे उतरले होते. भिंगरी तर दवाखान्यातून घरी येईपर्यंत अवाक्षर बोलली नव्हती.

त्याच संध्याकाळी बाबांनी जाहीर केलं, "अगं, तू फक्त पडून राहायचं. घर आता माझ्यावर सोड."

बाबा लिफ्ट तपासणारे अधिकारी. तपासलं कुणी, पाहिलं कुणी, आणि दुसरी सही कुठे आहे, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यांच्या हातून एकही लिफ्ट सुटायची नाही. खोट्या अहवालावर आयुष्यात सही केली नाही, हा त्यांचा अभिमान, आणि तो ते जेवताना अधूनमधून वाढून घेत. घर अंगावर पडताच त्यांनी मुलांच्या कामांचं आणि खाऊच्या पैशांचं एक अ‍ॅप फोनवर घेतलं. प्रत्येक कामाला गुण, आठवड्याअखेर गुणांचे पैसे. त्यात बाबांनी स्वतःचं डोकं लढवलं. काम झालं की फोटो, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी सही. त्याशिवाय गुण नाहीत. मुलांना हुरूप यावा म्हणून त्यांनी स्वतःचंही नाव त्यात घातलं. आणि सगळ्यात जास्त गुण कशाला ठेवले, तर आईच्या सेवेला.

ते वाचून आईला भरून आलं होतं. आपल्या माणसाला लग्नाची तारीख आठवत नाही, पण आपली किंमत किती लावायची ते बरोबर कळतं, असं तिला वाटलं.

पण इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. केर काढायला कमी गुण, भांड्यांना त्याहून थोडे, आणि आईला एक पेला पाणी दिलं की घसघशीत! कोण शहाणा मग केरसुणीला हात लावेल? आईला पाणी, आईला पांघरूण, आईची उशी, आणि 'आईला बरं वाटतंय का, असं विचारणे'. हे शेवटचं तर बसल्या जागी होणारं काम, त्यामुळे ते सकाळपासून अंधार पडेपर्यंत चालू असे. बरं वाटतंय म्हणून सांगता सांगता आईला बरं वाटेनासं झालं होतं.

शिवाय पाणी प्यायलं की ते काही पोटात मुक्काम करत नाही. मग उठा, कुबड्या घ्या, एका पायावर लंगडत खोलीच्या टोकाचं न्हाणीघर गाठा, परत या. आल्यावर हुश्श करावं, तर उशाशी नवा पेला तयार.

बाबा मात्र गुणांच्या तक्त्याच्या तळाशी होते. त्यांच्या कामांवर दुसरी सही वकिलाची असे.

"बाबा, या पातेल्याला साबण राहिलाय. नामंजूर."

"अरे, कुठे? दाखव."

"बोट फिरवून बघा. तुम्हीच म्हणता ना, नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही?"

बाबा निमूटपणे पातेलं पुन्हा घासत. मुलगा आपल्या वळणावर गेला, याचा त्यांना आतून आनंदच होत होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आईने हळूच विषय काढला. "अहो, ते अ‍ॅप जरा बंद करता का?"

"का गं? पोरं बघ कशी मनापासून करतायत. आणि भिंगरीचे चाकांचे बूट आलेत जवळ. आजचा दिवस झाला की जमतील तिला."

यावर आई काय बोलणार? बूट तिने दुकानाच्या काचेत पाहिले होते, आणि काचेला नाक लावून उभी असलेली भिंगरीही पाहिली होती. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणायची वेळ आली होती खरी, पण हे तर आपलेच तीन जीव, आणि तिघेही आपल्यासाठीच धावत होते. लोकांना आजारपणात कुणी विचारत नाही. आपल्याला विचारणाऱ्यांची रांग लागलीय आणि आपण कुरकुरतोय, याची तिला लाजही वाटली.

तरी दुपारी, जेवणानंतरच्या पाण्यावर आणखी पाणी झाल्यावर, तिने स्वतःचा फोन उचलला. अ‍ॅपमध्ये नवं काम घालायचा अधिकार तिलाही होता. तिने लिहिलं, 'आईला संध्याकाळपर्यंत एकटं सोडणे.' गुण लिहिले सगळ्यांत जास्त. आणि वैतागाच्या भरात खाली एक ओळ वाढवली, 'जो खोलीत पाऊल टाकेल, त्याचे या आठवड्याचे सगळे गुण बाद.'

बाहेर फोन वाजले. मग भिंगरीची किंकाळी, "एवढे गुण?" आणि पाठोपाठ दार अलगद लावल्याचा आवाज. आईने कुबड्यांवर जाऊन फोन खिडकीतल्या मेजावर चार्जिंगला लावला, आणि परत येऊन ती गाढ झोपली.

जागी झाली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. काय सुंदर झोप! मात्र सकाळपासूनचं सगळं पाणी आता एकदम हक्क मागू लागलं. तिने कुबडीकडे हात लांबवला. बोट लागलं, कुबडी घसरली, जाताना जोडीदारणीलाही घेऊन गेली, आणि दोघी धाडकन पडून घरंगळत कपाटापाशी जाऊन थांबल्या. फोन खिडकीतल्या मेजावर चार्जिंगला लावलेला. दिवसभर मंजुरी मागून मागून त्याचाही जीव गेला होता.

"अहो!" आईने हाक मारली.

दाराबाहेरून बाबांच्या घोरण्याचा आवाज आला. कुणी चुकून आत जाऊ नये म्हणून ते दारातच खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते, आणि आठवडाभर घासलेल्या पातेल्यांनी त्यांना तिथेच गाठलं होतं.

"अरे, आहे का कुणी?"

बाहेर कुजबुज सुरू झाली. आईने कान टवकारले.

"जाऊ नकोस," वकील म्हणत होता. "ही परीक्षा आहे. बाबा नाही का, लिफ्टमधली घंटा मुद्दाम वाजवून बघतात?"

"हो, पण तिथे जो येत नाही तो नापास होतो ना?"

वकिलाने लगेच दुसरा मुद्दा काढला. "तुझे बूट जातील बघ. एकदम सगळे गुण बाद."

दार काही उघडलं नाही. आईने पलंगाची कड धरली आणि प्लास्टरच्या पायाकडे पाहिलं. एकच पाऊल टाकलं तर कपाट हाताशी येईल. एका पावलाने असं काय होणार? तिने पाय खाली सोडला.

तेवढ्यात दार किलकिलं झालं, आणि बाबांच्या लांब केलेल्या पायांखालून सरपटत भिंगरी आत आली.

"आई, थांब! टेकवू नकोस!"

तिने धावत जाऊन दोन्ही कुबड्या आणल्या, आईच्या काखेत नीट बसवल्या, न्हाणीघरापर्यंत बरोबर चालली, बाहेर भिंतीला टेकून गाणं म्हणत थांबली, आणि आईला परत पलंगावर आणून सोडलं. मग आईच्या कानाशी लागून म्हणाली, "अ‍ॅपला सांगू नकोस हं, मी आले होते ते."

आईने तिला कुशीत ओढलं. कुशीत भिंगरी बराच वेळ न हलता राहिली, हे नवलच. या मुलीने आपल्यापायी बूट सोडले, आणि ते आपणच घातलेल्या अटीमुळे, हे आठवून आईच्या डोळ्यांना धार लागली. माझ्यासारखी नशीबवान मीच, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

"मी आत आलेलो नाही," दारातून आवाज आला. वकील एका पायावर उभा होता. "माझा एक पाय बाहेर आहे. फक्त विचारतोय, सगळं ठीक आहे ना?"

"ये रे माझ्या राजा," आई म्हणाली. त्याने बाहेरच्या पायाचाही मोह सोडला आणि तो आत आला.

या बोलण्याने बाबा दचकून उठले. बाहेर पोरं नाहीत, उघडं दार, आईचे ओले डोळे! "काय झालं? पाय टेकवलास का? दाखव, दाखव पाय!" म्हणत ते खुर्ची पाडून थेट पलंगावर येऊन बसले. पाय जागच्या जागी आहे हे पटल्यावर त्यांनी घाम पुसला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे तिघेही बाद," ते हळू आवाजात म्हणाले. भिंगरीने प्लास्टरवर बोटाने रेघोट्या ओढायला सुरुवात केली.

मेजावरचा फोन वाजला. वकिलाने वाचलं, "काम पूर्ण झाले का? फोटो जोडा."

"मग काढा की फोटो," आई म्हणाली. "मी एकटी असल्याचा."

तिघेही तिच्याकडे पाहत राहिले. सगळ्यांत आधी वकिलाला न्याय कळला. त्याने फोन मेजावर उभा केला, थोड्या वेळाने आपोआप फोटो निघेल अशी कळ दाबली, आणि तिघेही पलंगामागे दडले. आईने छताकडे बघत जमेल तितका एकाकी चेहरा केला.

फोटो छान आला. त्यात आई होती, तिच्या उशीमागून एक शेंडी होती, पायथ्याशी एक कोपर होतं, आणि मधोमध अर्धं टक्कल चकाकत होतं.

"दुसरी सही लागेल," वकील म्हणाला. "बाबा, तुमचीच."

बाबांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला, उजेडाकडे नेला.

"बाबा," वकिलाला राहवेना, "यात तुमचं टक्कल दिसतंय."

"कुठे? मला तर दिसत नाही," बाबा म्हणाले, आणि ज्या हाताने आजवर एकाही खोट्या अहवालावर सही केली नव्हती, त्या हाताने त्यांनी लिहिलं, 'प्रत्यक्ष पाहणी केली. आई पूर्णपणे एकटी आढळली.'

भिंगरीने खोलीभर तीन गिरक्या घेतल्या. मग अचानक थांबून तिने आईकडे पाहिलं. "आई, रडून घसा सुकला असेल ना तुझा? पाणी आणू?"

ती पेला भरून घेऊन आली. आईने सवयीने पेला उंच धरला आणि फोटोसाठी हसली. पण भिंगरीच्या हातात फोन नव्हताच. ती नुसतीच उभी होती, आई कधी पिते याची वाट बघत.

आई ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग तिने कुबड्या हाताशी ओढून घेतल्या.