अकोल्याच्या उन्हातली पिओनी

१९६२चा भाद्रपद, महालक्ष्म्या बसवायचा दिवस. मी अंगणात पितळेचे मुखवटे चिंचेनं घासत होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून आरोळी आली, "वयनी, हात धुवा अन् या! आलं!"

आरोळी नाना इंगळ्यांची. रस्त्यांवरचे ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले हे आमचे शेजारी. पण त्यांनी बांधलेले रस्ते अकोल्यात कोणाला ठाऊक नाहीत. त्यांना ओळखतात ते बर्फासाठी.

कोणा बदली झालेल्या साहेबाच्या रद्दीतून नानांना विलायती फुलांचं एक पुस्तक मिळालं होतं. त्यात पिओनीचं चित्र होतं. कोबीएवढं गुलाबी फूल, पाकळीत पाकळी, तिच्यात आणखी पाकळी. नानांनी पहाडातल्या रोपवाटिकेतून त्याचा कंद मागवला आणि हिवाळ्यात परसात पुरला. या झाडाला थंडी लागते असं पुस्तकात होतं. म्हणून नाना रोज सायकलवर गोणपाटात बर्फाची लादी बांधून आणत आणि आळ्यात रचत. त्यांची बायको गोदाबाई दारातून सगळ्या आळीला ऐकवायची, "मानसाले माठाचं पानी, अन् कांद्याले बर्फ!"

चैत्रात कंद सडला. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. नाना म्हणाले, "थंडीचं फूल थंडीत. आपल्यापाशी ऊन हाय ना! या उन्हात मी जास्वंदीले पिओनी करून दाखवतो."

तेव्हापासून हा माणूस झाडांची लग्नं लावत आला. सकाळी फूल उमललं की काडीला कापूस गुंडाळायचा, एका जास्वंदीचे पराग घेऊन दुसरीला लावायचे आणि फांदीला खूण म्हणून गोदाबाईच्या जुन्या पातळाची चिंधी बांधायची. लाल चिंधी म्हणजे बाप लाल, पिवळी म्हणजे बाप पिवळा. पुढं गोदाबाईला धडकं पातळ शोधावं लागे.

नानांकडे कोणी सहज जरी म्हटलं, काय सुंदर फूल आहे, की ते विचारत, "माय कोन, बाप कोन, हे पयले इचारा!" आणि खापरपणज्यापर्यंत सांगत. गणपतीला जास्वंद मागायला बायका आल्या की फाटकात उभे राहत. "घरच्या पोरी हायेत त्या. तोडाले नाई ठेवल्या."

घरची खरी पोर मात्र तीन वर्षांत घरी आली नव्हती. कमलनं अमरावतीच्या एका शिक्षकाशी लग्न केलं होतं. मुलगा निर्व्यसनी, नोकरी पक्की, पण जात दुसरी. तेव्हाही नानांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता, माय कोन, बाप कोन. उत्तर ऐकून दार लावून घेतलं. पुढं कमलला मुलगी झाली, तरी दार उघडलं नाही.

हात धुऊन मी परसात गेले. निम्मी आळी तिथं जमली होती. मधोमध तुपाच्या डब्यातलं कमरेएवढं रोप आणि त्यावर एकच फूल. मला फुलांचं कौतुक नाही, घरकामात बुडालेल्या बाईला ते परवडतही नाही. पण ते फूल पाहून मी उभीच राहिले. गुलाबी, आत केशरी झाक, पाकळ्या अशा गच्च की बोटही शिरू नये. आमच्या अकोल्यात, जिथं वैशाखात कावळ्याची चोच उघडी पडते, तिथं हे फूल आलं होतं! माझी मान उगाच ताठ झाली.

शेतकी शिकवणारे एक प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "नाना, नाव काय ठेवणार? पिओनीवाले लोक फुलांना बायकोचं नाव देतात, लेकीचं देतात."

नानांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आपलं सुरू केलं. "बाप गावठी लाल, काटक. माय पिवळी, नाजूक..."

"दोघायची जात एकच हाय ना?" गोदाबाईनं दारातून विचारलं.

"जात एक असती तं असं फूल आलं असतं का? लालात लाल मिसळून लालच—"

नाना मध्येच थांबले. गोदाबाई आत निघून गेली. लोक पांगले. मीही येऊन मुखवटे घासायला बसले.

दुपारी नाना माझ्या दारात उभे. अंगात धुतलेला कोट, हातात तो डबा. सकाळचं फूल मिटायला लागलं होतं. जास्वंदीचं आयुष्य एका दिवसाचंच.

"वयनी, अमरावतीची गाडी कितीले हाय?"

"तीनला."

"दुसरी कळी हाय याच्यावर. उद्या उघडन." त्यांनी बोट दाखवलं. "पोरीच्या दारात उघडू दे म्हटलं."

"आणि तिनं दार नाही उघडलं तर?"

"तं पायरीवर बसीन. तिनं तीन वर्सं काढली, मले एक रात्र जड हाय का?" थोडं थांबून म्हणाले, "नातीचं नाव काय ठेवलं, तेबी ठाऊक नाई मले. फुलाले तेच देतो."

महालक्ष्म्यांना लेकी माहेरी यायच्या असतात, एवढंच मी बोलले. ते डबा पोटाशी धरून स्टँडकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी नानांच्या झाडांना पाणी घातलं. मग गोदाबाईच्या चुलीपुढं जाऊन बसले आणि पुरणाची डाळ शिजायला टाकताना तिला न विचारता तीन माणसांची जास्त टाकली. तिनं पाहिलं. आणि वरून आणखी एक मूठ टाकली.