चार उपाशी आणि एक केक

"आधी दुसऱ्याचं तोंड गोड करायचं, मग आपल्या तोंडात घास घालायचा. रोज नाही जमलं तरी वाढदिवसाला चुकायचं नाही. आणि तुझा फोन आल्याशिवाय मी इकडे पानावर बसायची नाही, सांगून ठेवते."

तीन वर्षांपूर्वी बॅग भरताना सासूबाईंनी खडीसाखरेची पुरचुंडी साड्यांच्या मधोमध खुपसली आणि हे बजावलं. ताईंनी "हो आई" म्हटलं. आता ताईंचं "हो" म्हणजे देवापुढे लावलेला दिवा. वारा आला तरी हात आडवा धरायचा, पण विझू द्यायचा नाही. नवरा गेल्यावर घरात तिघी उरल्या होत्या: सासूबाई, ताई आणि ताईंची लेक. लेकीचं शिक्षण पुरं व्हायचं म्हणून ताई परदेशात एका मोठ्या हॉटेलच्या शिवणखोलीत नोकरीला आल्या. पडदे, चादरी, वेटरांचे कोट, साहेबांच्या पँटी. सगळ्यांचं उसवलेलं टाके घालून सांधायचं, हेच काम.

पहिली दोन वर्षं नेम बिनबोभाट पार पडला. खोलीत सोबतीला राहणारी नर्स गाढ झोपेतही तोंड उघडायची. तिसऱ्या वर्षी ताईंना पन्नास पुरी झाली, आणि घोटाळा झाला.

पहाटे आंघोळ, दिवा, जपाची माळ आटोपून ताई खडीसाखरेचा एक खडा घेऊन नर्सच्या उशाशी गेल्या. "ऊठ गं, आ कर."

नर्सने एक डोळा उघडला, खडा पाहिला आणि ओठ घट्ट मिटून पांघरूण डोक्यावर ओढलं. आतून आवाज आला, "दाढ दुखतेय, ताई. गोड चालत नाही."

"काल तर अख्खी बर्फाची कांडी चावून खाल्लीस."

"त्यानंच दुखतेय."

ताईंनी वाद घातला नाही. दाढेपुढे कोणाचं काय चालतं? पुरचुंडी पदराला बांधली आणि नुसतं पाणी पिऊन कामावर निघाल्या. हॉटेलात आपली दोन माणसं आणखी होती, वायरमन आणि आचारी. सुट्टीच्या संध्याकाळी दोघं ताईंच्या खोलीवर जेवायला येत, हसूनहसून छप्पर डोक्यावर घेत. मग खालच्या मजल्यावरचे एकटे राहणारे म्हातारे काठीने आपल्या छताला, म्हणजे यांच्या जमिनीला, ठोसे मारत. ताईंचं शिवणयंत्र चाललं तरी ठोसे. जिन्यात भेटले तर कपाळाला आठ्या. नर्सने त्यांचं नाव कारलं ठेवलं होतं. ताई मात्र दिसतील तेव्हा हात जोडून माफी मागत आणि घाईघाईने वर चढत.

तर, वायरमन मागच्या दाराशीच भेटला. ताईंना बघताच तो शिडीवर दोन पायऱ्या वर गेला.

"दादा, आज माझा वाढदिवस. एवढं तोंडात टाक."

"अरे वा, ताई, शंभर वर्षं जगा. पण मला आज रक्त द्यायचंय तपासायला. उपाशीपोटी."

"कधी द्यायचंय?"

"संध्याकाळी," वायरमन म्हणाला, आणि दिव्यात काहीतरी शोधू लागला.

आचारी तर त्याच्याहून वरचढ निघाला. भटारखान्याच्या दारात कपाळावर हात मारून म्हणाला, "काय हो ताई, नेमकं आजच. आज माझी एकादशी."

पंचांग ज्यांच्या जिभेवर होतं अशा बाईला त्याने हे सांगितलं. ताईंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "आज अष्टमी आहे."

"हो का? मग... मी आधीच धरतो. नंतर कामात राहून जाते."

"तीन दिवस आधी?"

"आता देवाला काय, ताई. भाव महत्त्वाचा."

शिवणखोलीतली देखरेखीची बाई तिथलीच होती, ओठांना टाचण्या लावल्यासारखी गप्प. ताईंनी मोडक्यातोडक्या भाषेत वाढदिवसाचं सांगितलं. तिने खडा दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, मान लववून आभार मानले, आणि "इथे चादरींजवळ खायचं नाही" असं म्हणत तो सुट्या बटणांच्या खणात ठेवून दिला. खणाला काही तोंड नसतं. खिडकीच्या कठड्यावर कबुतर बसलं होतं. ताईंच्या मनात क्षणभर आलं, मुका जीव चालेल का? पण लगेच त्यांनी कानाला हात लावला. अडचण आली की नेमाला पळवाट शोधायची, ही देवाशी घासाघीस झाली.

दुपारी फोन वाजला. घरचं घड्याळ साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे साडेतीन वाजून गेले होते.

"झालं का गं तोंड गोड?"

"अजून नाही, आई. होईल आता. तुम्ही दोन घास खाऊन घ्या. रक्तदाबाची गोळी असते तुमची."

"मला कुठे भूक आहे?" सासूबाई म्हणाल्या. पण पलीकडून लेकीचा आवाज आलाच, "आई, आजी तीनदा स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून वास घेऊन आली."

"चहाडखोर," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

स्वतःची उपासमार त्यांना नवी नव्हती. आठवड्यातले दोन वार उपासाचेच होते. पण चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी डब्यांचे वास घेत बसली आहे, हे डोळ्यांपुढून हलेना. टाक्यावर लक्ष लागेना. मॅनेजरसाहेबांची पँट खालून दुमडून शिवायची होती. ती ताईंनी इतकं मन लावून शिवली की दोन्ही पायांची तोंडं कायमची बंद झाली.

त्याच सुमारास भटारखान्यात आचाऱ्याने सूप चाखून न बघताच त्यात मीठ घातलं, आणि घातलं की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घातलं. साहेबांनी ते सूप घेतलं. मग तीन पेले पाणी प्यायले. मग पँट घालायला गेले, तर पाय आत जातो पण बाहेर निघत नाही. ती पँट हातावर टाकून, जुन्यावरच भागवून, ते तडक शिवणखोलीकडे लिफ्टने निघाले. आणि वायरमन, ज्याला भुकेने समोरच्या एका बटणाची दोन बटणं दिसत होती, त्याने व्हरांड्यातला दिवा बदलण्याआधी चुकून लिफ्टचा वीजपुरवठा बंद केला.

साहेब अर्धा तास दोन मजल्यांच्या मधे होते. पोटात तीन पेले पाणी.

दार उघडताच ते बाहेर आले. जिथे जायचं होतं तिथे पळत गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "तुम्ही तिघंही घरी जा. काय झालंय ते मला कळत नाही, पण उद्या बरे होऊन या."

साहेब मुळात देवमाणूस. दुसरा असता तर तिघांनाही नारळ दिला असता.

सहा वाजता ताई खोलीवर आल्या, तर नर्स दवाखान्यातून आधीच आली होती. टेबलावर आचाऱ्याने आदल्या रात्रीच करून ठेवलेला केक, त्यावर साखरेची शिवणयंत्राची मूर्ती, अगदी सुईसकट. भिंतीवर कागदी फुलं. वायरमनने खिडकीला दिव्यांची माळ लावली होती. तिघं ओळीत उभे, चेहरे पांढरेफटक, पण हसताहेत. ताईंचा सगळा दिवसाचा शीण उतरला.

"कापा, ताई," नर्स म्हणाली. "आणि पटकन खा."

"अगदी पटकन," आचारी म्हणाला.

ताईंनी केक कापला, पहिला तुकडा उचलला आणि नर्सच्या तोंडापाशी नेला. नर्सने ओठ मिटले. ताई वायरमनकडे वळल्या. त्याने मान भिंतीकडे फिरवली. आचारी दोन पावलं मागे सरकून फ्रिजला टेकला.

"आधी तुम्ही," तिघं एका सुरात म्हणाले.

"आधी तुमच्यातलं कोणीतरी."

"नाही, ताई. तुम्ही."

ताईंनी तुकडा ताटलीत ठेवला. त्या कधी आवाज चढवत नसत. आताही चढवला नाही. "सकाळपासून तुमच्या मागे हिंडतेय. दाढ काय, रक्त काय, अष्टमीची एकादशी काय. मी काय विष देतेय का रे? तिकडे माझी सासू माझ्यापायी उपाशी बसलीय."

नर्सचा चेहरा उतरला. "आजी उपाशी आहेत?"

"मग? मी दुसऱ्याचं तोंड गोड केल्याशिवाय खायचं नाही, आणि मी खाल्ल्याशिवाय त्या खाणार नाहीत. जाताना शब्द दिलाय मी."

"पण ताई," नर्स हळू म्हणाली, "आम्हालाही त्यांनीच शब्द द्यायला लावला."

मग सगळं बाहेर आलं. नर्सने आठवड्यापूर्वी गुपचूप ताईंच्या घरी फोन केला होता, ताईंना काय आवडतं ते विचारायला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तिला काय आवडतं ते मला तीस वर्षांत कळलं नाही, बाई. कधी मागितलंच नाही तिनं. सगळ्यांना वाढून शेवटी बसायची, तळाशी उरेल ते खायची. एक काम करा. या वाढदिवसाला तिला पहिली जेवू द्या. तिच्या आधी तुम्ही कोणी तोंडात काही घालायचं नाही. मला वचन द्या."

"म्हणून सकाळपासून आम्ही तिघंही उपाशी," वायरमन म्हणाला. "चहासुद्धा नाही."

"आज एका पेशंटला बिस्किटं वर्ज्य म्हणून सांगताना मला रडू आलं," नर्स म्हणाली.

ताई खुर्चीवर बसल्या. मग पदराने डोळे टिपून त्यांनी फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकून टेबलावर ठेवला.

"आई, तुम्ही मला एक सांगितलंत आणि यांना उलटं."

"उलटं कशानं? तुला सांगितलं ते तुझ्यासाठी बरोबर. त्यांना सांगितलं ते त्यांच्यासाठी बरोबर."

"अहो, पण मग पहिला घास खायचा कोणी?"

पलीकडे डब्याचं झाकण वाजलं. मग सासूबाई म्हणाल्या, "मला नका विचारू. साडेनऊ वाजले इथे. मी सकाळपासून उपाशी आहे, माझं डोकं चालत नाही."

चौघं केकभोवती बसून राहिले. ना कोणी बोलत होतं, ना हलत होतं. वायरमनच्या पोटातून एक लांबलचक आवाज आला, तेवढाच. आणि तेवढ्यात ठोसे पडले.

"आता काय केलं आपण?" आचारी कुजबुजला. "श्वाससुद्धा हळू घेतोय."

पण ठोसे जमिनीतून येत नव्हते. दारावर पडत होते. ताईंनी दार उघडलं. समोर खालचे म्हातारे, अंगात घरातला स्वेटर, हातात ती काठी. एक मजला चढूनच धाप लागली होती.

"आज आवाज नाही," ते म्हणाले. "यंत्र नाही. हसणं नाही. चौघं वर आलेले पाहिले, आणि मग काहीच नाही." त्यांनी ताईंच्या खांद्यावरून आत डोकावलं. "मला वाटलं, काहीतरी झालं."

ताईंना त्यांची भाषा अर्धीच कळायची, पण हे सगळं कळलं. "काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला फक्त भूक लागली आहे."

म्हाताऱ्यांनी कापलेला केक पाहिला. त्याच्याभोवती बसलेली तीन धडधाकट, उपाशी माणसं पाहिली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. पुढे काही विचारायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ताईंनी पदराची गाठ सोडून खडीसाखरेचा खडा त्यात टाकला. तीस वर्षं सुईत दोरा ओवणारा हात तो. नेम चुकायचा नव्हता.

म्हातारे जागच्या जागी थबकले. खडा या गालातून त्या गालात गेला. मग कुडुम असा आवाज झाला.

"खाल्लं," नर्स ओरडली. "ताई, आता तुम्ही."

ताईंनी केकचा घास घेतला. तो गिळायच्या आत तिघांचे हात ताटलीत पडले. फोनमधून "झालं का गं? झालं का?" चाललं होतं, आणि मागोमाग तिकडच्या ताटात वाटी ठेवल्याचा आवाज आला. म्हाताऱ्यांना कोणी बसा म्हटलं नव्हतं, पण ते बसले. काठी भिंतीला टेकवून त्यांनी केकचे दोन तुकडे खाल्ले. साखरेची सुई मात्र बाजूला काढून नीट रुमालात बांधून घेतली.

ते गेल्यावर सासूबाईंनी जेवता जेवता विचारलं, "शेवटी कोणाचं तोंड गोड केलंस?"

"खालच्या आजोबांचं."

"त्यांच्या घरी कोण कोण आहे?"

"माहीत नाही, आई. एकटेच दिसतात."

"वाढदिवस कधी असतो त्यांचा?"

"ते कसं माहीत असणार?"

"तीन वर्षं एका छपराखाली राहतेस आणि माहीत नाही?" सासूबाईंनी घास खाली ठेवल्याचं फोनमधूनही कळलं. "विचार उद्या. आणि मला सांग."

"विचारते, आई."

दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावून झाला, माळ झाली. नर्सने पांघरुणातून विचारलं, "एवढ्या लवकर कुठे, ताई?" ताईंनी तिच्या अंगावर पांघरूण सारखं केलं. पुरचुंडी पदराला बांधली, आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या, आणि दार हळूच लोटून त्या जिना उतरू लागल्या.