इगतपुरीला थांबणारे विमान

बाळांनो, अंतर ही फार गंभीर गोष्ट आहे. ते कुठेतरी छापलेले असल्याशिवाय खरे होत नाही. आता कल्पना करा. रेल्वेच्या वेळापत्रकात नाशिक ते मुंबई एकशे सतरा मैल छापले आहेत आणि तुमचे विमान तासाला नव्वद मैल उडते. पोहोचायला किती वेळ लागेल? उत्तर मनात धरून ठेवा. पुढे लागणार आहे.

सन १९३४ मध्ये हाच प्रश्न पंचवटीतल्या एका शाळेत चौथीच्या परीक्षेला आला. उत्तर बिनचूक असावे म्हणून समिती नेमली होती. सभासद पाच. त्यांपैकी विमान पाहिलेले एक (तेही ढगाआड), आवाज ऐकलेले दोन, उरलेले दोघे पूर्णपणे निःपक्षपाती. तीन बैठकांनंतर उत्तर ठरले: उडण्याचा एक तास अठरा मिनिटे, अधिक इगतपुरीला इंजिन बदलण्याची दहा मिनिटे. एकूण एक तास अठ्ठावीस मिनिटे. (चहा त्यातच उरकावा.)

नूरबानोचे उत्तर आले एक तास. ती महेबूब विणकराची मुलगी. तिने भिंतीवरच्या नकाशावर नाशिकपासून मुंबईपर्यंत मागाचा दोरा ताणला आणि नकाशाच्या प्रमाणाने मोजला. नव्वद मैल भरला. तिला शून्य मिळाले आणि तेवढ्याने ती नापास झाली. अब्बांनी आधीच सांगून ठेवले होते, "पास झालीस तर पाचवीत जा, बेटी. नाहीतर घरी कांड्यांवर सूत भरायला बस."

म्हणून ती दोरा मुठीत धरून समितीपुढे उभी राहिली. अध्यक्ष रंगनाथ मास्तर मायाळू होते. चूकसुद्धा ते हळू आवाजात करत.

"गुरुजी, विमान सरळ जातं."

"जाईल गं. पण सरळ गेलं तर इगतपुरी चुकेल."

"चुकू द्या ना."

"आणि तिथले उतारू? त्यांनी काय करायचं?"

सभासद गोटीराम म्हणाले, "शिवाय पोरी, घाट उतरायचा म्हणजे इंजिन बदलावंच लागतं. आगगाडी काय वेडी आहे?"

"पण दोऱ्यानं मोजलं तर नव्वदच मैल येतात."

"तुझा दोरा कुठल्या वेळापत्रकात छापलाय?" मास्तरांनी प्रेमाने विचारले.

नूरबानोने दोरा उलटसुलट करून पाहिला; त्यावर काहीच छापलेले नव्हते. (छापील दोरा अजून कुणालाच सापडलेला नाही.) समितीने उदार मनाने तिच्यापुढे पाटी सरकवली: उत्तर सुधार आणि पाचवीत जा.

तिला डोळ्यांसमोर घरातली कांड्यांची टोपली दिसली. तिने लिहिले, एक तास अठ्ठावीस मिनिटे. मग जरा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली: 'कसाऱ्याच्या बोगद्यांत विमानाने दिवे लावावेत.'

समितीने ती ओळ दोनदा वाचली. तीन बैठकांत हे कुणाच्याच डोक्यात आले नव्हते. सूचना एकमताने मंजूर झाली. नूरबानोला प्रश्नाचे पूर्ण गुण मिळाले आणि दूरदृष्टीबद्दल पाच जादा.

आता तुमचे उत्तर काढा बाहेर. एक तास अठरा मिनिटे ना? लाजू नका, समितीत एक जागा रिकामी आहे. नूरबानोने मात्र पाचवीच्या पहिल्याच दिवशी नकाशाशेजारी खिळा ठोकला, त्याला तो दोरा अडकवला आणि तुमची वाट पाहत बसली.