गजाभाऊंची अडगळ

बोईसरला बिऱ्हाड थाटून आम्हाला आठवडाही झाला नव्हता. रविवारी सकाळी दारात एक उंच, काटकुळे गृहस्थ येऊन उभे राहिले. कडक इस्त्रीचा सदरा, पांढरा लेंगा आणि खिशातून डोकावणारी पोलादी फूटपट्टी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले, मान तिरपी करून आमची मांडणी न्याहाळली आणि म्हणाले,

"ती चाळणी आमची हाय."

चाळणी आम्हाला खोलीबरोबरच मिळाली होती. आधीचे भाडेकरू ती खिळ्यावर विसरून गेले होते. सुनंदा, म्हणजे माझी घाटावरची बायको, तेव्हा नेमकं पीठच चाळत बसली होती. तिनं घाईघाईनं चाळणी पुढं केली, तर गृहस्थांनी हात मागं घेतला.

"अर्धं चाळलेलं पीठ ठेवू नका. चाळून घ्या. मी थांबतो."

आणि खरंच थांबले. पीठ चाळून झाल्यावर त्यांनी चाळणी झटकली, उजेडाकडे धरून तिच्यातून आढ्याकडे पाहिलं, "हीच" म्हणाले आणि निघून गेले. संध्याकाळी पुन्हा हजर. हातात नवी कोरी चाळणी. "ही तुमाला. जुनी माझी."

आमची आणि गजाभाऊ सावे यांची ओळख झाली ती अशी.

गजाभाऊ मूळचे इथल्याच किनाऱ्यावरच्या माहीमचे. "मुंबईचं नाय, आमचं," हे ते न विचारता सांगत. तारापूरच्या बाजूला एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात फोरमन होते. माणसाला नावानं हाक मारणं त्यांना जमत नसे. ते त्याच्या धंद्यानं हाक मारत. मी औषधांच्या कारखान्यात नोकरीला होतो, म्हणून पहिल्या दिवसापासून "केमिस्ट" झालो. गल्लीत पोस्टमन होता, कंपाउंडर होता, आणि 'रिटायर' नावाचेही एक गृहस्थ होते. फक्त बायकांना ते वहिनी म्हणत.

आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्या आणि पडवीचं घर होतं. त्या घरात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा "बसा केमिस्ट" म्हणाले खरे, पण कुठं, ते मला कळेना. खुर्चीवर बिस्किटांचे पत्र्याचे डबे रचलेले. खाटेवर गाठोडी. कोनाड्यात दांड्या तुटलेले कप, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, बुडाला भोक पडलेली टोपं. खिडकीत एका पायातली चप्पल. मधून एक पाऊलवाट गेलेली, तीही एका माणसापुरती. समोरून दुसरं कुणी आलं तर एकानं मागं सरायचं. मी शेवटी उंबऱ्यावर बसलो.

भाऊ चहा करायला गेले. मांडणीवर पितळेची, जर्मनची, स्टीलची भांडी चकचकत होती. पण भाऊंनी चहा केला तो खाली एका खोक्यात ठेवलेल्या नव्या पातेल्यात, आणि दिला नव्या कपात.

"ती वरची भांडी?" मी विचारलं.

"ती तिची हायेत. वापरून झिजवायची कशाला?"

'ती' म्हणजे मंदावहिनी. आम्ही बोईसरला येण्याच्या आदल्या वर्षी तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. मुलगी शोभा सफाळ्याला दिलेली. घरात भाऊ एकटे.

पुढची हकिगत मला शेजारच्या कुसुमकाकूंनी सांगितली आणि ती ऐकून मी चक्रावलोच. मंदावहिनी असताना सगळं उलटं होतं! वस्तू साठवायच्या त्या, आणि फेकायला निघायचे ते भाऊ. "अडगळ! निस्ती अडगळ!" हा भाऊंचा आवाज गल्लीत रोज घुमायचा. रविवारी ते घर आवरायला काढत, दाराबाहेर ढीग घालत आणि आंघोळीला जात. तेवढ्यात मंदावहिनी तो ढीग पदराखालून पुन्हा आत नेत. "राहू दे, लागल," एवढंच म्हणत. एकदा तर भाऊंनी रागानं एक फुटकी बरणी स्वतः नाल्यावर नेऊन टाकली, आणि दुपारी जेवायला बसतात तो समोर तीच बरणी, घासून पुसून, मिठाची.

"आणि बाई गेली," कुसुमकाकू म्हणाल्या, "तर हा माणूस डोळ्यातनं टिपूस काढीना. माणसं भेटायला यायची, हा आपला कपाट उघडून बघत बसायचा. दिवस झाले नि निघाला घरोघर. मंदानं कुणाला काय दिलं होतं ते मागायला."

चाळणीचा उलगडा मला तेव्हा झाला. भाऊंनी गल्ली पिंजून काढली होती; आमच्या खोलीला तेवढं तेव्हा कुलूप होतं. एकीकडून चकलीचा सोऱ्या, दुसरीकडून विणायच्या सुया. कंपाउंडरच्या आईला मंदावहिनींनी लिंबाचं लोणचं दिलं होतं. तिथून उरलेल्या लोणच्यासकट बरणी परत आली. ते लोणचं काळं, मग आणखी काळं होत गेलं. पुढं त्याला लोणचं म्हणायलाही धीर होईना. भाऊ रोज त्या बरणीवरची धूळ पुसत.

आता "राहू दे, लागल" हे भाऊ म्हणू लागले होते. फुटक्या कंदिलाबद्दल विचारा, सुतळीच्या तुकड्यांबद्दल विचारा, उत्तर तेच. गोधड्यांत उंदरांनी घर केलं तेव्हा मी पिंजरा आणून दिला. भाऊंनी तो लावला नाही. म्हणाले, "केमिस्ट, पिंजरा बघून उंदीर घाबरतो नि जास्त कुरतडतो. त्यापेक्षा मी त्याला बाहेर भाकरी ठेवतो." त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले सगळे उंदीर भाऊंकडे जेवायला असत.

दिवाळीच्या आधी शोभा आली. अंगानं बारीक, बोलायला बापासारखी सरळ. भाऊ कामावर गेलेले पाहून तिनं भंगारवाल्याला हाक मारली आणि दोन गोणी भरून हातगाडीवर चढवल्या. दुपारी भाऊ घरी आले. उंबऱ्यातच त्यांना कळलं. चपलाही न घालता ते स्टेशनच्या रस्त्यानं पळत सुटले. मी साप्ताहिक सुट्टीवर होतो, मीही त्यांच्यामागं धावलो.

फाटकाजवळ गाडी सापडली. भाऊंनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"मेरा सामान है."

"कौनसा, अंकल? निकाल लो."

भाऊंनी गाडीवर नजर फिरवली. कढया, डबे, सळया, छत्र्यांचे सांगाडे, मोडका रेडिओ. गोणी कधीच ओतून झाल्या होत्या; चार गल्ल्यांचं भंगार त्यात मिसळलं होतं. ते हात पुढं करत आणि मागं घेत. एक डबा उचलला, ठेवला. दुसरा उचलला.

"सब," ते म्हणाले. "सब मेरा है."

अख्खी गाडी घरी आली. मग पडवीत बसून भाऊ एकेक वस्तू शोभासमोर धरू लागले. "ही तिची काय?" "नाय, बाबा." "आणि हा झारा?" "हा हाय आईचा." "हे झाकण?" शोभाचा राग हळूहळू उतरला. ती बापाकडे बघतच राहिली. एवढी वर्षं ज्यांच्यावरून घर डोक्यावर घेतलं, त्या वस्तू भाऊंनी कधी पाहिल्याच नव्हत्या. आता एकेक ओळखीची करून घेत होते. दुसऱ्यांच्या घरचा तो मोडका रेडिओही त्या घरात राहिला तो राहिलाच. "असू दे," भाऊ म्हणाले, "न जाणो, तिचा असला तर?"

त्यानंतर शोभा आली ती पोटुशी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून घर बघायला आली होती. सुनंदाही तिच्याबरोबर गेली. शोभा पाऊलवाटेच्या टोकाशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"बाबा, मी निजू कुठं?"

"ही गाठोडी जरा सारू. खाट मोकळी होल."

"आणि पाळणा?"

भाऊंनी वर पाहिलं. तुळईच्या कडीला सुद्धा एक बोचकं टांगलेलं होतं.

"आईच्या फुटक्या बरणीला या घरात जागा हाय," शोभा म्हणाली. "मला नाय. मी सफाळ्यालाच बाळंत होते. सासू करील माझं."

"तुझी आय असती तर..."

"आय असती तर तिनं कवाच जागा केली असती, बाबा."

शोभा त्याच पावली परत गेली. पुढं काही दिवस भाऊ कुणाच्या नजरेलाच पडेनात. मग एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि सुनंदासमोर ताठ उभे राहिले.

"वहिनी, बाळंतपणाला काय काय लागतं ते नीट सांगा. आमच्या खात्यात हे काम कधी निघालं नाय."

सुनंदानं हसू दाबलं. डिंक सांगितला, खारीक सांगितली, शेक-शेगडी सांगितली. "आणि कपडा लागतो, भाऊ. बाळाला नवं कापड टोचतं. जुनी सुती लुगडी फाडून दुपटी नि लंगोट करायचे."

"जुनी म्हणजे?"

"जितकी जास्त धुतलेली, तितकी बरी."

भाऊंनी दारात जाऊन चपला घातल्या. मग "रविवारी या," म्हणाले आणि गेले.

रविवारी पडवीत लोखंडी ट्रंक उघडी होती. भाऊ मांडी घालून बसलेले, पुढ्यात खडू, कात्री आणि ती पोलादी फूटपट्टी. सुनंदानं कात्रीला हात घातला तर म्हणाले, "नाय. मी कापतो."

एकेक लुगडं निघू लागलं. विटलेलं निळं, जांभळ्या काठाचं, कुठं रफू केलेलं. भाऊ कापड जमिनीवर ताणत, मापं घेत, खडूनं रेघ मारत. "लंगोटाचा त्रिकोण काटकोनी पायजे काय?"

"बाळाला भूमिती कळत नाही, भाऊ."

"तरी पण. काम सारखं झालं पायजे."

सुनंदा हसली, मीही हसलो. भाऊही ओठांच्या कोपऱ्यातून हसले. ढीग वाढत होता, एका मापाचे लंगोट एकावर एक. आणि मग तळातून एक हिरवं लुगडं निघालं. भाऊंचा हात थांबला.

"हे मला म्हाईत हाय," ते हळूच म्हणाले. "सफाळ्याला शोभीचं ठरवायला गेलो तवा ती हे नेसलेली. गाडीत मला विचारलंन, बरं दिसतं काय? मी म्हटलं, उतरायची घाई कर."

सुनंदानं ते लुगडं त्यांच्या हातातून अलगद घेतलं आणि बाजूला ठेवलं. "हे राहू द्या, भाऊ. एक असू दे तुमच्याजवळ."

भाऊंनी ते पुन्हा ओढून घेतलं. अंगठा आणि बोटांमध्ये कापड चोळून पाहिलं, कारखान्यात पत्र्याची जाडी बघावी तसं.

"नाय वहिनी. हेच सगळ्यात मऊ हाय."

आणि त्यांनी कात्री चालवली. या वेळी रेघ आखली नाही. काप वेडावाकडा गेला.

त्यानंतर घर मोकळं व्हायला वेळ लागला नाही. भंगारवाल्याला मात्र त्यांनी बोलावलं नाही. ज्याला जे लागेल ते स्वतः नेऊन दिलं. न लागणारंही दिलं. कुसुमकाकूंना तो मोडका रेडिओ घ्यावाच लागला. लोणचं त्यांनी परसातल्या माडाच्या बुंध्याशी पुरलं. त्यातूनही माड जगला, हे त्या झाडाचं कौतुक. मांडणीवरची भांडी खाली उतरली आणि रोजच्या चुलीवर चढली. ज्या दिवशी कडीला पाळणा टांगला त्या दिवशी भाऊंनी त्यात आधी एक तांदळाची गोणी ठेवून, झोके देऊन, कडीची परीक्षा घेतली.

शोभा आली. तिला मुलगी झाली. नंतरचे काही महिने भाऊ पाळीवरून सुटले की थेट घरी येत आणि लंगोट धुवायला बसत. शोभानं, सुनंदानं सांगून पाहिलं, पण हे काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. दोरीवर ते रांगेनं वाळत घालत. निळे, जांभळे, हिरवे. काही विरले, काही फाटले, फाटलेल्यांची पायपुसणी झाली. आम्ही त्यांच्याकडे चोरून बघत होतो, आता हे काही म्हणतील, मग म्हणतील. ते आपले पुढचा लंगोट पिळायला घेत.

शोभा सासरी जायला निघाली तो दिवस मला चांगला आठवतो. सामान बांधताना तिनं उरलेल्या दुपट्यांची चवड वेगळी काढली. "ही इथं राहू देत, बाबा. आईची म्हणून."

भाऊंनी ती चवड उचलून तिच्या पिशवीत कोंबली.

"ने गे. इथं कोरडीच राहतील. तिथं भिजतील तरी."

दुपारच्या शटलनं त्या दोघी गेल्या. जावई न्यायला आला होता. गाडी हलली तसं भाऊंनी हात वर केला आणि गाडी दिसेनाशी झाली तरी तो खाली घेतला नाही. मग फलाटावरच्या बाकावर बसले. मीही शेजारी टेकलो.

"मंदा कधी स्टेशनवर यायची नाय शोभीला सोडायला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मी ते नाव पहिल्यांदाच ऐकत होतो. "मला रडाय येतं म्हणायची. मी हसायचो तिला."

चेहरा ओंजळीत धरून ते रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे, हुंदके देत. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. मासळीवाल्या कोळणींपैकी एक पाणी घेऊन आली, माझ्या हातात तांब्या दिला आणि काही न विचारता परत जाऊन बसली. मी तांब्या धरून बसून राहिलो. एक मालगाडी आली, धडधडत लांबच लांब गेली, तरी ते रडतच होते.

खूप वेळानं त्यांनी तोंड धुतलं, पाणी प्यायले आणि तांब्या स्वतः नेऊन दिला.

"भाऊ, आता घरी एकटे नका जाऊ," मी म्हटलं. "आमच्याकडे चला जेवायला."

"काय केलंय वहिनींनी?"

"कोलंबीचं कालवण नि भात."

"घाटावरल्या बाईनं केलेली कोलंबी," ते नाक ओढत म्हणाले. "चला. बघू या."

जेवायला बसल्यावर त्यांनी दोनदा कालवण मागून घेतलं आणि त्यात कोकम कमी पडलंय, असं सुनंदाला स्पष्ट सांगितलं.