दोन्ही टोकांना कातर

आमचे शेजारी आत्माराम बापू यांच्या घरात एकाही जुन्या कागदाला चार कोपरे नाहीत. उलटून गेलेल्या महिन्याचे कॅलेंडरचे पान, भरलेले वीजबिल, लागून गेलेल्या लग्नाची पत्रिका, मुदत संपलेल्या गोळ्यांची पट्टी, सर्वांचा एक कोपरा कातरीने उडवलेला असतो. माझ्याकडून वाचायला नेलेले वर्तमानपत्रही संध्याकाळी तसेच परत येते. "कोपरा गया, माल बाद," एवढे म्हणून बापू कातर सदऱ्याच्या खिशात ठेवतात.

हे खूळ नव्हे, व्यवसाय होय. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका कारखान्यात बापूंनी आयुष्यभर कापड तपासले. खाली दिवा लावलेले काचेचे टेबल, त्यावरून सरकणारा ताका, आणि वर वाकलेले बापू. धागा तुटलेला दिसला किंवा तेलाचा डाग दिसला, की ताक्याचा कोपरा कापून तो बाद करायचा. इतर तपासनीस एक कोपरा कापून थांबत. बापू थांबत नसत. एका टोकाला कापलेला ताका लोक उलटा गुंडाळून पुन्हा चांगल्या ढिगात सरकवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून त्यांची कातर दोन्ही टोकांना चाले. निरोपसमारंभात मालकांनी खांद्यावर घातलेली शाल बापूंनी उजेडाकडे धरली, निरखली आणि तिथल्या तिथे तिचे दोन कोपरे उडवले. मालक हसले. शाल त्यांच्याच कारखान्यातली होती.

मला बापू 'वकीलसाहेब' म्हणतात. मी वकील नाही. एका मिलच्या कायदा विभागात मी पत्रव्यवहार पाहत असे. निवृत्तीनंतर तो स्वतःच्या नावाने पाहतो. गटारापासून पेन्शनपर्यंत कोणत्याही विषयावर मी संबंधितांस लेखी कळवतो आणि पोचपावती घेतो. बापूंना या उद्योगाविषयी काडीचा आदर नाही. "वकीलसाहेब, तुमचं पत्र म्हंजे बिनरंगाचं कापड शे," ते म्हणतात. "गठ्ठे निंघतात, पण कोणी अंगावर घालत नहीं."

त्यांचा एकुलता मुलगा किशोर आखातातल्या एका देशात वीजतंत्री आहे. देशाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. त्या देशाच्या कार्यालयाशी माझा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे. गेल्या वर्षी किशोरच्या पासपोर्टची मुदत तिकडे असतानाच संपली. आपल्या वकिलातीने त्याला नवा दिला आणि जुन्याचा कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून तोही परत केला. परंतु कामाचा व्हिसा जुन्या पुस्तिकेतल्या पानावर चिकटवलेला होता आणि त्याची मुदत शिल्लक होती. नियम सरळ आहे. पुस्तिका रद्द होते, तिच्यातला व्हिसा रद्द होत नाही. तो नव्या पासपोर्टवर चढवून घ्यावा, आणि तोवर दोन्ही पुस्तिका जवळ बाळगाव्यात. कंपनीच्या माणसाने व्हिसा चढवण्याचे काम "सुट्टीहून आल्यावर करू" म्हणून पुढे ढकलले. त्या इसमाचा हुद्दा मला आजतागायत कळलेला नाही. कळला असता तर त्यालाही पत्र गेले असते.

किशोर वीस दिवसांच्या रजेवर सुरतेस आला. दोन्ही पासपोर्ट रबराने बांधून कपाटात ठेवले. परतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांच्या घरातून असा आवाज आला, की मी चष्मा न घालताच तिकडे गेलो.

किशोरच्या हातात जुना पासपोर्ट होता. त्याचा दुसरा कोपराही नव्हता. कातर सर्व पानांतून आरपार गेली होती आणि व्हिसाच्या पानावरचे अर्धे आकडे घेऊन गेली होती.

"बापू, आ कोणे काप्युं?" रागावला की किशोर गुजरातीत शिरतो.

"तो तर बाद व्हता," बापू म्हणाले. "एकच कोपरा कापेल व्हता. सरकारी मानसं अर्धं काम करतात. मी पुरं करी दिलं."

"त्यात व्हिसा होता, बापू."

बापूंनी ते पान उजेडाकडे धरले. मग मला विचारले, "वकीलसाहेब, बाद मालात चांगला माल कोण ठेवतं?"

हा प्रश्न मी पुढे चार कार्यालयांना लेखी विचारला. एकानेही उत्तर दिले नाही.

विमानकंपनीने किशोरला चढू दिले नाही. मी अकरा पत्रे पाठवली. कातरीने कागद कापला आहे, हक्क कापलेला नाही; व्हिसाची नोंद त्यांच्या दप्तरी आहे; एका वृद्धाच्या प्रामाणिक चुकीबद्दल त्याच्या मुलाची भाकरी काढून घेता येत नाही. पहिल्या कार्यालयाने माझे पत्र दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने चौथ्याकडे. चौथ्याने मला पहिल्याकडे दाद मागण्यास सुचवले. अखेर उत्तर आले ते एका ओळीचे: खराब झालेला व्हिसा ग्राह्य नाही, नव्याने अर्ज करावा. खाली सहीदेखील नव्हती.

पाच महिने किशोर इच्छापोरला कंत्राटी कामावर गेला. बाप पहाटे उठून डबा भरी, मुलगा तो न बोलता उचली. त्या पाच महिन्यांत बापूंनी घरातली एकही वस्तू बाद केली नाही. भिंतीवर कॅलेंडरची पाच पाने चारही कोपऱ्यांसकट उलटत गेली.

नंतर कंपनीने त्याला पूर्वीहून खालच्या जागेवर घेतले आणि नवा व्हिसा आला. निघताना किशोर पाया पडला. "बापू, या वर्षी तुम्हाला बोलावतो तिकडे," म्हणाला. बापूंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापू माझ्याकडे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी एक पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. त्यांचा स्वतःचा. किशोर पहिल्यांदा तिकडे गेला, त्या वर्षी त्याने हेच म्हटले होते, तेव्हा काढलेला. मी पाने उलटली. एकाही पानावर शिक्का नव्हता. मुदत केव्हाच संपली होती. चारही कोपरे शाबूत होते.

"हा तुम्ही कापला नाहीत," मी म्हणालो.

"तो बाद नहीं. तपासाच्या टेबलावर शे अजून." मग म्हणाले, "पोऱ्या बलावनार म्हंतो. एक अर्ज लिहा."

मी फॉर्म काढला. त्यांचे नाव लिहिले, जन्मगाव लिहिले. जुन्या पासपोर्टचा क्रमांक उतरवून घेत होतो, तेव्हा त्यांनी विचारले, "नवा दिला, की ह्याचं काय करतात?"

"रद्द करतात. कोपरा कापून परत देतात. तसा नियम आहे."

"तुम्ही पत्र लिहिलं तर?"

"तरीही."

बापूंनी माझ्या हाताखालून पासपोर्ट ओढून घेतला, त्याचे कोपरे एकेक करून बोटाने चाचपले आणि तो पिशवीत घातला.

"मंग राहू द्या," ते म्हणाले.