समुद्री चाच्याचं दफन

मंगळवारी दुपारी अदवाने गादी उचलली. पुस्तक तिथे नव्हतं, आणि परत करायची तारीख आजचीच होती.

इस्राएलातल्या लोद गावच्या वाचनालयातलं ते समुद्री चाच्यांचं पुस्तक. पुठ्ठा अदवाच्याच हातून निखळला, म्हणून तर ते आठवडाभर गादीखाली दडलं होतं. पुठ्ठा, त्यावरच्या एकडोळ्या चाच्यासकट, दप्तरात होता. साल १९९४, अदवाचं वय नऊ आणि तिच्या जगातली सगळ्यांत भयंकर वस्तू म्हणजे ग्रंथपाल नुरीतबाईंची कात्री. पुस्तक हरवलं की बाई त्या वाचकाचं कार्ड सगळ्यांदेखत कापत. वर्गातल्या शाकेदचं कापलं तेव्हा तो रडला नाही, कारण त्याला फुटबॉल होता. अदवाला फक्त वाचनालय होतं.

“आजी, माझं पुस्तक पाहिलंस?”

जेमायमा आजी नारळ खवत होती. “ते फाटकं बुक? पवित्र बुक गादीखाली ठेवतात काय गं? मी मुका घेतला नि एलियाहूला नेऊन दिलं.”

अदवाने चपला पायात सरकवल्या.

एलियाहूकाका सिनेगॉगची व्यवस्था बघत. फाटकी धर्मपुस्तकं कचऱ्यात टाकायची नाहीत, तिथल्या पेटीत ठेवायची आणि पेटी भरली की माणसासारखी कबरस्तानात पुरायची, असा रिवाज. आजी जन्माने रेवदंड्याची, मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. तिथे हिब्रू अक्षर दिसे ते प्रार्थनेच्या पुस्तकात. त्याच अक्षरांत कोणी चाच्यांच्या गोष्टीही छापत असेल, हे तीस वर्षं इस्राएलात राहून तिच्या मनाला शिवलं नव्हतं. तिचं हिब्रू भाजीबाजारापुरतं.

अदवा सिनेगॉगकडे धावत सुटली. “काका, पेटी उघडा ना!”

“पेटी? ती काल पुरली की. प्रार्थनेला लागतात तशी दहा माणसं जमवली, सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना म्हटली. फार छान झालं.”

“आतली पुस्तकं बघितली नाहीत?”

“जेमायमाबाईंनी आणलेलं बुक तपासायची माझी काय हिंमत!”

घरी येऊन तिने आजीला खरं सांगितलं. आजीच्या हातातली करवंटी गळाली. “दर्यावरचे चोर? नि दहा माणसं उभी राहिली त्यांच्यासाठी?”

आता घरात घाबरणाऱ्या दोघी झाल्या. एक कात्रीला, दुसरी देवाला.

“चल, बाईला सांगू,” आजीने ठेवणीतली साडी नेसत फर्मावलं. “खोटं बोलून आणखी पाप नको.”

वाचनालयात आजी मराठीत सांगत होती, अदवा हिब्रूत. ‘पुस्तक नाही’ एवढं ऐकूनच नुरीतबाईंनी खण उघडून कात्री काढली. पुढचं ऐकून त्या पांढऱ्याफटक पडल्या.

“पुरलं? नगरपालिकेचा शिक्का असलेलं पुस्तक? तपासणीला साहेब आले की काय सांगू, पुस्तक वारलं म्हणून?” घाबरणाऱ्या आता तिघी झाल्या. “हरवलं असंच लिहिते. कार्ड दे.”

“हरवलं कसं?” आजी म्हणाली. “कबरस्तानात शिरलं की डाव्या हाताला, तिसरी रांग.”

“मग उकरून आणा!”

“पुरलेलं उकरत नाहीत, बाई. मशिहा येईल तेव्हा मेलेले सगळे उठतील. त्यांच्याबरोबर तेही उठेल.”

अदवाने डोळे घट्ट मिटून भाषांतर केलं. बराच वेळ कात्रीचा आवाज आला नाही. तिने डोळे उघडले, तर बाई रजिस्टरात लिहीत होत्या.

“म्हणजे हरवलेलं नाही. वाचकाकडेच आहे,” त्या स्वतःला समजावत होत्या. तारखेच्या रकान्यात त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, ‘मशिहा येईपर्यंत मुदतवाढ’. मग अदवाकडे चष्म्यावरून बघितलं. “आला की त्याच दिवशी परत. पुठ्ठ्यासकट.”

त्या वर्षी गावभर गाड्यांवर स्टिकर लागले होते, ‘मशिहाच्या स्वागताला तयार व्हा’. कोणी वाचून दाखवलं की आजी हरखून स्टिकरला हात लावी नि बोटांचा मुका घेई. अदवा मात्र धावत घर गाठी आणि गादी उचलून आता तिथे ठेवलेला पुठ्ठा जागेवर आहे ना, ते बघे.